पुरेलका बुवा

पाचपाचशे माणसांचं जेवण रांधणारा माणूस, पण अन्न पुरेल याची खात्री त्याला जन्मात एकदाही वाटली नाही. भात उपसून पांढऱ्या कापडावर त्याचा डोंगर रचलेला असे, वरणाचं पातेलं दोघांना उचलत नसे, जिलब्यांच्या परातीवर परात चढलेली असे, आणि आमचे आचारीबुवा त्या सगळ्याच्या मधोमध घाम पुसायचं विसरून उभे राहात आणि जवळून जाईल त्याला विचारत, "पुरेल का हो?" यजमानाला विचारत, वाढप्यांना विचारत, पाणी भरणाऱ्या गड्याला विचारत. एकदा त्यांनी बोहल्यावर चढायला निघालेल्या नवरदेवालाच विचारलं, असं नाशकात सांगत. खरं असेलही. गावानं त्यांचं नाव पुरेलका बुवा ठेवलं ते त्यावरूनच. त्यांचं खरं नाव मला कितीतरी दिवस ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक झालं तेव्हा ते त्यांना शोभेना.

आचारी म्हटला की डोळ्यांपुढे येतो तसा त्यांचा देह नव्हता. उंच, वाळकी अंगकाठी, चुलीच्या धगीनं तांबूस झालेले हात, खांद्यावरून सारखा घसरणारा पंचा. पंगत बसली की बाकीचे आचारी पानतंबाखू करून घेतात. बुवा माजघराच्या दाराआड उभे राहात आणि फटीतून पंगतीकडे बघत. नजर जेवणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर नसे, पानांवरच्या भातावर असे. कुणी तिसऱ्यांदा भात मागितला की हे मागे वळून भाताच्या डोंगराकडे बघत. शेवटची पंगत उठेपर्यंत ताकाखेरीज त्यांच्या पोटात काही जात नसे. बसा, दोन घास खाऊन घ्या, असं कुणी म्हटलं तर म्हणत, "गळ्याखाली उतरत नाही." आणि एवढं सगळं होऊन त्यांच्या हातचं अन्न कमी पडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. उलट उरायचं. उरलेलं पाहूनही त्यांना आनंद होत नसे. "आज निभावलं," इतकंच म्हणून ते भांडी घासायला टाकत.

माझ्या वडिलांनी एकदा त्यांना विचारलं होतं की बुवा, इतक्या वर्षांत एकदाही कमी पडलं नाही, मग भिता कशाला? बुवा म्हणाले, "भितो म्हणून दोन मुठी जास्त टाकतो, मास्तर. ज्या दिवशी भीती जाईल त्या दिवशी कमी पडेल."

लग्नाची सुपारी घेताना ते एकाच गोष्टीसाठी अडून बसत. देवाला नैवेद्य दाखवून झाला की पहिली पंगत बसायच्या आधी त्यांचे डबे निघाले पाहिजेत. मागाहून हवं तेवढं न्या, असं यजमान म्हणत. बुवा हात जोडून म्हणत, "मागाहून उरलं नाही तर?" यजमान हसून हो म्हणत. इतका चांगला हात आणि इतकी साधी अट, कोण सोडेल?

हे डबे जात ते घराबाहेर पडता न येणाऱ्या चार-सहा म्हाताऱ्या माणसांकडे. सगळी लग्नकार्यांतलीच माणसं. जन्मभर दुसऱ्यांच्या पंगती उठवून आता अंथरुणाला किंवा उंबऱ्याला खिळलेली. कुणी पत्रावळी लावणारी होती, बोटं वाकडी झालेली. कुणी पाणक्या होता, गुडघे गेलेला. त्यांतल्या दोघांची ओळख आधीच करून द्यायला हवी. एक गोदूकाकू. पंचवटीत एका जिन्याखालच्या खोलीत राहणारी एकटी विधवा. वर्षानुवर्षं बुवांच्या चुलीशी पोळ्या लाटत आली आणि धुरानं म्हणा, वयानं म्हणा, दोन्ही डोळ्यांनी आंधळी झाली. दुसरे भद्रकालीच्या मुसलमान वस्तीतले रहीमचाचा कल्हईवाले. पितळेच्या भांड्याची कल्हई गेली की आंबट अन्न त्यात कळकतं आणि माणसं आजारी पडतात, ही बुवांची दुसरी मोठी भीती. रहीमचाचांच्या हातची कल्हई असली तरच त्यांचा जीव थाऱ्यावर राहायचा. पुढे चाचांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, भाता कोपऱ्यात पडला. मुलगा मुंबईच्या गिरणीत होता, त्याचं काम मंदीत सुटलं आणि त्याच्याकडून काही येईनासं झालं. घरात चाचा आणि त्यांची बायको. तिला सगळी गल्ली खाला म्हणे. ती गोधड्या शिवून काय मिळेल त्यात दोघांचं चालवायची.

हे सगळं मला कळलं ते माझ्या लग्नात, आणि फार वाईट रीतीनं कळलं.

माझे वडील शाळामास्तर. तिवंध्याजवळ आमचं बिऱ्हाड होतं. वैशाखात माझं लग्न पंचवटीतल्या एका घरात ठरलं. गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, अलीकडची मुलगी पलीकडे, म्हणजे फार लांबही नाही. दारापुढे मांडव पडला, मागच्या अंगणात चर खणून बुवांनी चुली पेटवल्या. दुपारी मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. मी पिवळ्या साडीत, मुंडावळ्या लावून माजघरात बसले होते. बाहेर वराकडच्या मंडळींसाठी पाट-रांगोळ्या मांडून, पानं वाढून झाली होती. तेवढ्यात मागच्या दाराशी आवाज चढला.

येवल्याहून आलेले माझे चुलतसासरे हात धुवायला मागे गेले होते. मोठे तापट गृहस्थ. त्यांना बुवा ओलं फडकं गुंडाळलेले दोन डबे घेऊन बाहेर पडताना दिसले. कुठं निघालात, म्हणून त्यांनी सहज विचारलं. दुसरा कुणी असता तर काहीतरी सांगून सुटला असता. पण बुवांना घाबरल्यावर खोटं बोलता येत नसे. त्यांनी एक डबा गोदूकाकूंचा आणि एक भद्रकालीतल्या रहीमचाचांचा, असं सरळ सांगून टाकलं.

मग जे झालं ते मी माजघरात बसून कानांनी ऐकलं. व्याह्यांच्या पानाला हात लागायच्या आधी डबा भद्रकालीत जातो, हा काय प्रकार आहे, हे लग्नघर आहे की काय आहे, असं चुलतसासरे मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होते. वडील काहीतरी समजावत होते, पण त्यांचा आवाज पोचत नव्हता. त्यांना ती अट ठाऊक होती, त्यांनीच हो म्हटलं होतं. वराकडचे दोघं-तिघं पाटावरून उठल्याचं कुणीतरी येऊन आईला सांगितलं. माझ्या आईनं माझा हात धरला.  वऱ्हाड न जेवता उठलं तर ती गोष्ट मुलीच्या मागे जन्मभर राहते, हे त्या घरातल्या प्रत्येक बाईला कळत होतं. मला स्वतःला त्या वेळी एकच वाटत होतं, की आता मी कुठल्या घरची?

बुवा मांडवात आले. हातातले डबे त्यांनी खाली ठेवले नव्हते. ते घाबरले होते, हे मला मागाहून सगळ्यांनी सांगितलं. मला आवाजावरूनच कळलं. म्हणाले, "नैवेद्य दाखवून मगच काढलंय मी. मास्तरांचा यात दोष नाही, अट माझी. मला काय बोलायचं ते बोला. पण हे डबे परत आत नेऊन ठेव म्हणालात तर ते माझ्याच्यानं होणार नाही. ती माणसं सकाळपासून दाराकडे कान लावून बसलेली आहेत."

  तेव्हा बायकांच्या बाजूनं एक आवाज आला, न चढलेला, नेहमीच्या बोलण्यातला. "मला भूक लागलीय. पानं वाढलेली आहेत. बसू या." त्या माझ्या सासूबाई होत्या. वरमाईच जेवायला बसते म्हटल्यावर उठलेले लोक घुटमळले आणि एकेक करून परत पाटावर टेकले. चुलतसासरेही बसले, तोंड फिरवून. बुवा डबे घेऊन मागच्या दारानं गेले ते जवळजवळ धावतच, आणि परत येऊन पुन्हा दाराआड उभे राहिले. त्या दिवशीही अन्न पुरून उरलं.

मी पुढे कितीतरी वर्षं समजत होते की सासूबाईंनी त्या दिवशी मोठ्या धोरणानं मला वाचवलं. एकदा त्यांना तसं म्हणाले. त्या नवलानं माझ्याकडे बघत राहिल्या. "अगं, मी पहाटेपासून उपाशी होते," म्हणाल्या.

आषाढी एकादशी झाली की चार महिने लग्नं बंद. हा काळ बुवांना खायला उठे. लग्नं नाहीत म्हणजे डबे नाहीत. गंगेवर यात्रेकरूंकडून अन्नदान होत असे, पण तिथं जाऊन पंगतीला बसायला पाय हवेत. मग बुवांनी एक युक्ती काढली. गरीब विद्यार्थी वार लावून जेवतात, आज या घरी, उद्या त्या घरी, हे नाशकाला नवं नव्हतं. बुवांनी आपल्या म्हाताऱ्यांसाठी वार मागायला सुरुवात केली. फरक इतकाच की जेवणारा घरी येणार नव्हता. बुवा दुपारी येऊन डबा नेणार होते.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात ते आमच्या दाराशी आले. मला पाहून त्यांची पाचावर धारण बसली. मी तीच मुलगी, आणि हे तेच सासर. ते तसेच मागे वळले असते, पण सासूबाईंनी पाहिलं आणि काय काम आहे ते विचारलं. बुवांनी अडखळत सांगितलं. सासूबाईंनी थोडा विचार केला. सासऱ्यांना विचारलं नाही, येवल्याला कळवायचा तर प्रश्नच नव्हता. "गुरुवार घ्या," म्हणाल्या. "रहीमचाचा आणि गोदूकाकू, दोघांचा."

तेव्हापासून बुधवारी संध्याकाळी बुवा ओट्याशी यायचे. "वहिनी, उद्या गुरुवार." सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणत, "दर आठवड्याला येतो हो तो, बुवा." पण बुवांना राहवत नसे. असंच ते प्रत्येक घरी आदल्या दिवशी जात. सोमवारच्या घरी कुणी आजारी आहे असं कळलं की रविवारपासून यांचा जीव टांगणीला. एखाद्या घरची माणसं अचानक गावाला गेली आणि दाराला कुलूप दिसलं, की ते त्या कुलपासमोर उभे राहून भोवतीच्या दारांकडे बघत, आता यांतलं कुठलं वाजवावं म्हणून. त्यांची काळजी हळूहळू मलाही लागली. गुरुवारी सकाळी मी उठत असे तीच डब्याचा विचार करत. ऊन वर आलं आणि बुवा दिसले नाहीत की मी दोनदा बाहेर डोकावून येई. गंगेला पाणी चढलं की नदीच्या पात्रातली वाट बंद होई आणि त्यांना मोठ्या पुलावरून वळसा घालून भद्रकालीत जावं लागे. तशा पावसात तो उंच माणूस घोंगडीच्या आत डबा छातीशी धरून पुलाकडे जाताना मी ओट्यावरून पाहात असे, आणि सासूबाई आतून विचारत, "गेले का गं पलीकडे?"

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात पंचवटीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली.

आधी घाटाजवळच्या एका धर्मशाळेत कुणी यात्रेकरू दगावल्याचं कळलं. मग आमच्या मागच्या गल्लीत एक तरणाताठा माणूस सकाळी आजारी पडला आणि दिवे लागायच्या आत गेला. म्युनिसिपालिटीच्या माणसांनी विहिरींत लाल औषध टाकलं, गटारांवर चुना मारला. लोक एकमेकांच्या दारात उभे राहीनासे झाले. पाणी उकळून प्या, शिळं खाऊ नका, बाहेरचं भांडं घरात घेऊ नका, हे जो तो सांगू लागला. आणि बुवांचे डबे म्हणजे नेमकं तेच होतं. दहा घरांतून फिरणारं, आजारी माणसांच्या हातातून परत येणारं भांडं. वाराची घरं एकेक करून बंद झाली. कुणी तोंडावर सांगितलं, कुणी दारच उघडलं नाही. त्यांना दोष देता येत नाही. घरोघरी मुलं होती.

मला तेव्हा सहावा महिना होता. सासूबाईंनी बुवांना दारात थांबवलं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. म्हणाल्या, "बुवा, सून अवघडलेली आहे. तुमचा डबा मी घरात घेऊ शकत नाही." बुवांनी मान हलवली.  मग सासूबाई आत गेल्या आणि सुपात तांदूळ, तूरडाळ, मीठ, गूळ असा शिधा घेऊन आल्या. सूप ओट्याच्या कडेला ठेवून त्या मागे सरल्या. "शिधा नेत जा. गुरुवारचाच नाही, रोज या. शिजवा तुम्ही. भांडं मात्र इकडे आणू नका."

सासूबाई शिधा देतात हे कळल्यावर आणखी एकदोन घरांनी तसंच केलं. बुवा आपल्या खोलीत रोज सगळ्यांचं शिजवू लागले. पाणी उकळून, गाळून, पुन्हा उकळून. डब्यांना कढत पाण्यानं आंघोळ घालून. ते ओट्याशी येत ते दूर उभे राहून, शिधा धोतराच्या सोग्यात घेऊन जात. त्या दिवसांत त्यांनी एकदाही 'पुरेल का' विचारलं नाही. मला त्याचीच भीती वाटे.

आणि मग गोदूकाकू गेल्या. आदल्या दुपारी बुवांनी त्यांना मऊ भात आणि वरण नेऊन दिलं होतं. दुसऱ्या दिवशी ते गेले तेव्हा त्या जिन्याखाली पडलेल्या होत्या, उलट्या-जुलाबांनी सुकून गेलेल्या, आणि संध्याकाळपर्यंत संपल्या. डॉक्टरांनी पटकीच म्हटलं. पाणी कुठलं प्यालं होतं, कुणी दिलं होतं, त्या आंधळ्या बाईच्या माठात काय होतं, हे कुणाला सांगता येईना. गल्लीतले लोक हळू आवाजात एवढंच म्हणत की बुवांचा डबा रोज येत होता.

बुवांच्या कानावर ते आलं असेल किंवा नसेल. त्यांना कुणी सांगायची गरजच नव्हती. त्या बाईच्या पोटात शेवटचं गेलं ते आपल्या हातचं, एवढं त्यांना पुरेसं होतं. दोन दिवस त्यांनी चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी ते आपली सगळी भांडी, डबे, पातेली, पळ्या, पोत्यात घालून डोक्यावर घेऊन भद्रकालीत रहीमचाचांकडे गेले. हे मला पुढे खालानं सांगितलं. बुवा दाराबाहेर बसले आणि म्हणाले, कल्हई तपासून सांग. कुठं गेली असेल, कुठं पितळ उघडं पडलं असेल तर सांग. मला खोटं सांगू नकोस.

पटकीचा आणि कल्हईचा काही संबंध नाही हे चाचांना कळत नव्हतं असं नाही. पण त्यांनी तसं म्हटलं नाही. खालानं एकेक भांडं आत नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवलं. चाचांचा डावा हात तेवढा चालत होता. त्या हाताचा अंगठा ते प्रत्येक भांड्याच्या आतून सावकाश फिरवत, तळाशी, काठाशी, कानाच्या सांध्याशी, आणि भांडं बाजूला ठेवत. त्यात बराच वेळ गेला. बुवा बाहेर मान खाली घालून बसले होते. शेवटचं भांडं झालं तेव्हा चाचा म्हणाले, "बुवा, कल्हई मेरी है. अच्छी है. तुम्हारे खाने से कोई नहीं मरा." मग म्हणाले, "आणि मी दोन दिवस उपाशी आहे."

बुवा उठले, भांडी पोत्यात भरली आणि परत येऊन चूल पेटवली.

पटकी भाद्रपदाच्या शेवटाला ओसरली. मला मुलगी झाली, ती सुखरूप झाली. वाराची घरं पुन्हा उघडली, काही उघडली नाहीत. बुवा पुन्हा डबे नेऊ लागले. पण त्यांच्यातलं काहीतरी तिथंच राहिलं. मार्गशीर्षात लग्नं सुरू झाली तेव्हा सुपारी घेऊन आलेल्या माणसांना त्यांनी हात जोडून परत पाठवलं. पाचशे माणसांच्या पोटात आपल्या हातचं जाणार, ही कल्पनाच त्यांना सोसेना. आधी त्यांना अन्न कमी पडायची भीती होती. ती भीती घेऊन काम करता येत होतं. ही नवी भीती त्यांच्या हातांत शिरली. स्वतःपुरता भात टाकतानाही ते तांदूळ तीनतीनदा निवडत. त्यांच्या मिठाचा अंदाज चुकायला लागला. ओट्यावर बसले तर माझ्या मुलीकडे लांबूनच बघत, जवळ घेत नसत. मी एकदा तिला त्यांच्या मांडीवर ठेवायला गेले तर ते उठून उभे राहिले. "नको सूनबाई. माझे हात धुतलेले नाहीत." हात तर आत्ताच धुतलेले मी पाहिले होते.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा पुतण्या आला. इगतपुरीला रेल्वेत सांधेवाला होता. त्यानं काकाचे थरथरणारे हात पाहिले आणि यांना एकटं ठेवायचं नाही असं ठरवलं. बुधवारी संध्याकाळी बुवा नेहमीसारखे ओट्याशी आले. पुतण्या नेतोय, म्हणाले. दोन-चार दिवसांत जाईन. सासूबाई म्हणाल्या की चांगलं झालं, तिथं विश्रांती मिळेल. बुवा बसून राहिले. कोणत्या घरचा कोणता वार, कुणाला दात नाहीत म्हणून भात मऊ लागतो, कुणाला तिखट चालत नाही, खालाच्या दाराची कडी आतून नीट लागत नाही, असं काहीबाही सांगत राहिले. आम्ही हो हो म्हणत होतो. जाताना ते म्हणाले, "तुम्ही भिऊ नका, वहिनी. पण थांबूही नका." मग सासूबाईंना नमस्कार करून गेले.

इगतपुरीहून ते परत आले नाहीत. तिथल्या पावसात त्यांना दम्यानं धरलं आणि दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात ते गेले, असं पुतण्यानं येऊन सांगितलं. शेवटी कुणाच्या हातचं खात होते, असं मी विचारलं. माझ्या बायकोच्या, तो म्हणाला; पण तिला आधी जेवायला लावत, ती जेवून तासभर बरी राहिली की मग स्वतः घास घेत. काका संशयी झाले होते, असं त्याला वाटे. मला तसं वाटत नाही. त्यांना स्वतःची भीती नव्हती. आपल्यासाठी रांधणारीवर कधी तसा आळ येऊ नये, म्हणून ते तिची साक्ष आधीच काढून ठेवत असावेत.

पण मला सांगायचं आहे ते त्या बुधवारनंतरच्या गुरुवारचं. डबा भरून ठेवला होता. ऊन अंगणाच्या मध्यावर आलं तरी बुवा आले नाहीत. मी दोनदा रस्ता पाहून आले. तिसऱ्यांदा शेजारच्या बाईनं सांगितलं की बुवा सकाळीच पुतण्याबरोबर टांग्यातून स्टेशनाकडे गेले. निरोप घ्यायचा त्यांनी टाळला होता. त्यांना ते सोसलं नसतं.

मी आत येऊन सांगितलं. सासूबाई डब्याकडे बघत उभ्या राहिल्या. घरात पुरुषमाणूस कुणी नव्हतं. भर दुपारी डबा घेऊन रस्त्यानं जाणं आमच्या घरच्या बायकांनी कधी केलेलं नव्हतं, आणि तेही भद्रकालीत.   सासूबाईंनी पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला, फडकं ओलं करून डब्याला गुंडाळलं आणि मला म्हणाल्या, "मुलीला घे. चल."

आम्ही गंगेच्या कोरड्या पात्रातून गेलो. ओळखीचे लोक भेटले, त्यांनी बघितलं. सासूबाईंनी कुणाकडे बघितलं नाही. भद्रकालीत एकदा वाट चुकलो, एका बोहऱ्याच्या दुकानात मी विचारलं. खालाच्या दाराशी पोचल्यावर सासूबाईंनी डबा दुसऱ्या हातात घेतला. त्यांनी दार वाजवलं. खालानं उघडलं आणि दोन परक्या बायका, कडेवर मूल, पाहून ती तशीच उभी राहिली.

आतून चाचांचा आवाज आला. जिभेवर अर्धांगाचा जडपणा होता, पण शब्द कळले. "बुवा आये क्या?"

बुवांखेरीज परपुरुषाशी सासूबाई कधी बोलल्या नव्हत्या. घरी आलेल्या पाहुण्यांना निरोप द्यायचा तर तो आमच्या तोंडून. मी तोंड उघडणार तोच त्या दारातून जरा आत वाकून म्हणाल्या, "बुवा गावाला गेले. आज आम्ही आणलाय."

 मग चाचा म्हणाले, आप लोग इतनी धूप में, तकलीफ क्यों, असं काहीतरी, आणि त्यांचा आवाज फुटला.

सासूबाईंनी डबा खालाच्या हातात दिला. "गार होतंय," त्या आत बघत म्हणाल्या. "जेवून घ्या."